ताई, हिशेबाबद्दल थोडं

पुणे, रविवार दुपार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी दोनदा नंबर काढला आणि परत ठेवून दिला. फोनवर तुझा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसलोय. डोळ्याची पट्टी कालच निघाली, ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घे. वहिनीनं बघितलं तर रागावेल, पण ती आता झोपली आहे.

बँकेला मी होऊन फोन केला नव्हता. वर्कशॉपच्या कर्जाला जामीनदार म्हणून माझी सही आहे, त्यामुळे त्यांनीच मला केला. "बाबा, हिशेब आता माझा आहे," असं तू म्हणालीस. बरोबर आहे. शेड तुझ्या नावावर केली त्या दिवशी मीच तुला तसं सांगितलं होतं. एकच विचारतो आणि परत विचारणार नाही. जावईबापूंना सांगितलंस का?

बँकेच्या साहेबांनी सांगितलेले आकडे मी कागदावर मांडले. महिन्याला साडेसहा लाखांचं काम कंपनीला जातं आणि पैसे ११० दिवसांनी येतात. म्हणजे कधीही बघितलं तरी २४ लाख बाहेरच. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कंपनीचेच, आपण फक्त मशीनिंग करतो, त्यामुळे स्टॉक म्हणून बँकेला दाखवायला आपल्याकडे काही नाही, दाखवायची ती फक्त येणी. त्यातलंही ९० दिवसांवरचं बँक धरत नाही. तसे साडेचार लाख गेले, राहिले साडेएकोणीस. त्यातून बँक स्वतःच्या सुरक्षिततेसाठी धरते ते २५ टक्के मार्जिन वजा केलं की साडेचौदाच्या आसपास येतं, आणि तू उचललेत १७. लिमिट १८ चं आहे म्हणून तुला वाटलं, अजून जागा आहे. जागा लिमिटात होती, ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे येणी बघून बँक जेवढं उचलू देते त्यात, नव्हती.

आणि यावर तू दुसरी व्हीएमसी मशीन घ्यायचं म्हणतेस. ताई, काम दहा लाखांवर गेलं तर याच हिशेबानं ३६ लाखांच्या वर बाहेर अडकणार. ते आणायचे कुठून? मशीनचा हप्ता दर महिन्याला जाणार, बिलाचे पैसे साडेतीन महिन्यांनी येणार. २० तारखेला जीएसटी भरायचा तो पैसे आले नसले तरी भरायचा. १५ तारखेला पोरांचा पीएफ. त्या पीएफच्या पैशाला हात लावू नकोस, एका महिन्यापुरताही नको. तू लावणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहून गेलो.

उलट बाजूनं बघ. हेच ११० दिवस ४५ वर आले तर १४ लाख मोकळे होतात, कुणाकडे कर्ज न मागता. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात बिल चुकवायला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, त्यांनी ६० छापलेत, पण कायद्यापुढे ते ६० टिकत नाहीत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि २०२३-२४ पासून आयकराचं ४३बी(एच) कलम आलंय. मुदत उलटलेलं आपलं बिल ३१ मार्चला थकलेलं असेल, तर त्यांना ते त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, म्हणजे त्यांचा कर वाढतो. म्हणून परचेसवाल्याच्या मागे लागू नकोस, त्याला रेट सोडून काही दिसत नाही. अकाउंट्सला जाऊन भेट. बिलावर उद्यम नंबर, आपला लघुउद्योग नोंदणीचा, ठळक छाप, आणि थकलेल्या बिलांची तारखेवार यादी फेब्रुवारीतच त्यांच्या टेबलावर ठेव. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी सक्तीची केली होती, ही कंपनी तर त्यात बसणारच. तिथं त्यांनी बिल मान्य केलं की बँका बोली लावतात, थोडं व्याज कापून आपले पैसे लवकर मिळतात, आणि पुढे कंपनीनं थकवलं तरी बँक आपल्याकडे मागायला येत नाही. थकलेल्या बिलांची तक्रार ऐकणाऱ्या सरकारी कौन्सिलकडे जायचं ते अगदी शेवटी. तक्रार केली की काम जातं ही भीती मला पण आहे. ती खोटी आहे असं मी तुला सांगणार नाही.

मशीनिंग झाल्यावर कास्टिंगमध्ये ब्लो-होल, म्हणजे आतली हवेची पोकळी, निघाला तर मशीनिंगचे पैसे कुणी सोसायचे, हे लेखी घेतलंस का? पैसे कापल्याच्या डेबिट नोटा किती आल्यात या वर्षी?

बघ, सुरू झालं माझं. माफ कर. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी मायक्रोमीटरवर काढलेली अर्धी मापं तू आज ड्रॉइंगवर नुसती नजर टाकून सांगतेस. खंडेनवमीला तू स्वतः मशीनला हळद-कुंकू लावलंस, पोरं मागे हात जोडून उभी होती, तेव्हा मी दारातच थांबलो. तुला वाटलं मला पायऱ्या चढवत नाहीत. तसं नव्हतं.

जावईबापूंचं मी का धरून बसलोय, ते सांगतो. १९९८ साली तू तिसरीत होतीस. उद्यमनगरात आपली एकच लेथ. काम भरपूर होतं, रात्रपाळी चालायची, आणि हातात पैसा नव्हता. का नव्हता हे मला समजत नव्हतं. तुझ्या आईचा साज मी गहाण ठेवला आणि तिला सांगितलं की पेढीवर उजाळायला दिलाय. पाच महिने सांगितलं. मग धुण्याच्या वेळी खिशातली पावती तिच्या हाताला लागली. ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पोराला न पाठवता स्वतः वर्कशॉपला आली, पिशवीत गजराचं घड्याळ घालून. स्टुलावर बसली आणि तुझ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागली, जॉब लेथच्या चकवर कधी चढला, कधी उतरला.

पंपाचा तो फ्लँज मी नऊ मिनिटांचा धरून रेट दिला होता. चौदा मिनिटं लागत होती. चढवणं, सेंटर काढणं, टूलला धार लावणं, यातलं काही मी धरलंच नव्हतं. तासाला सहा निघतील म्हणून भाव दिला आणि निघत होते चार. दोन वर्षं आपण त्या जॉबमध्ये घरचे पैसे घालत होतो, आणि सगळ्यात जास्त तोच चालतो म्हणून मी खूश होतो. आईनं त्याआधी कधी लेथ जवळून बघितली नव्हती. आधी सांगितलं असतं तर ती आधी आली असती. साज सोडवायला पुढं सव्वादोन वर्षं लागली. तुझ्या लग्नात तू घातलास तो हाच.

म्हणून विचारत होतो, सांगितलंस का त्यांना. दादा पैसे देतो म्हणतोय, ते तू नको म्हणालीस, मला पटलं. ते पैसे पण ११० दिवसांतच गेले असते. पण घरात एकाच माणसाला माहीत असणं बरं नाही. रात्री तू एकटी जागी असशील, असं माझ्या डोक्यात येतं.

डोळ्यात थेंब घालायला आई आली म्हणून इथं थांबलो होतो. खरं सांगतो, बँकेच्या फोनचं मी तिलाही आजपर्यंत बोललो नव्हतो. शुक्रवारपासून "काही नाही, तिचा मूड नव्हता" एवढंच सांगत होतो. आत्ता पत्र तिच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं. मग विचारलं, "हिच्याकडं पार्ट किती प्रकारचे चालतात?" मला सांगता आलं नाही.

आम्ही मंगळवारी कोयना एक्सप्रेसनं येतोय. डॉक्टरांनी हो म्हटलंय. स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षानं येतो. आई म्हणते, घड्याळ देवघराखालच्या कपाटात, पितळी डब्याच्या मागं आहे. किल्ली देऊन बघ, चालतंय का.

तुझे
बाबा