पिल्ले दिसत नाहीत, ही धोक्याची खूण

महोदय,

नदीतला एखादा मासा दिसेनासा झाला की कुणीतरी विष सोडले, नाहीतर मासेमारांनी ओरबाडले, असे लगेच बोलले जाते. दोन्ही गोष्टी घडतात आणि दोन्ही थांबल्याच पाहिजेत. पण कित्येक जाती अशा मारल्या जात नाहीत, त्यांची वीणच थांबते. हे आपल्या लक्षात फार उशिरा येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नदीच्या उथळ, वाहत्या भागातला एखादा गोटा उचलून पाहा. प्रवाह निरोगी असेल तर खाली बारीक खडी लागते आणि तिच्या फटींतून पाणी खेळत असते. वाहत्या पाण्यातल्या अनेक माशांची अंडी याच फटींत वाढतात. आजारी नदीत गोट्याखाली बोटांना चिकटणारा गाळ लागतो. वरच्या अंगाची झाडी तुटली, उतार उघडे पडले की पावसाबरोबर माती येते आणि फटी बुजवते. पाणी वरून नितळ दिसते, अंडी मात्र आत गुदमरतात. जिथे वाळूउपसा होतो तिथे तर ती खडीच उचलून नेलेली असते.

काही जाती जातात आणि काही टिकतात, त्याचेही कारण इथेच आहे. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला खडी लागत नाही. मरळ माशाची अंडी पाण्यावर तरंगतात, त्यांची राखण होते आणि हा मासा हवेतूनही श्वास घेतो. असे मासे वाढले की जाळे भरते. ‘मासे आहेत की’ म्हणणारा खोटे बोलत नसतो. वजन तेवढेच भरते, जाती मात्र कमी झालेल्या असतात.

प्राणवायूचेही तसेच. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात सांडपाणी आले की ते कुजवणारे जिवाणू आणि रात्री शेवाळ तोही साठा खातात. म्हणून मेलेले मासे बहुधा सकाळी तरंगताना दिसतात आणि दुपारी घेतलेल्या नमुन्यात सारे ठीक निघते. नमुना पहाटे घ्यायला काय हरकत आहे?

राहिली बांधांची गोष्ट. चढणीचे मासे पहिल्या पुरासरशी उलट्या प्रवाहाने वर जाऊन अंडी घालतात. मध्ये भिंत आली की ते तिथेच अडतात, पण लगेच मरत नाहीत आणि आपण फसतो ते इथेच. चीनच्या यांगत्झे नदीतला पॅडलफिश हा प्रचंड मासा घ्या. १९८१ मध्ये गेझोउबा धरणाने त्याची वाट अडवली. अतिमासेमारीही होतीच. तरी मोठे मासे अधूनमधून सापडत राहिले, २००३ मध्ये शेवटचा जिवंत मासा दिसला आणि २०२२ मध्ये ही जात नामशेष म्हणून जाहीर झाली. म्हातारे मासे दिसत होते म्हणून कुणाला घाई वाटली नसावी. याउलट अमेरिकेतल्या केनेबेक नदीवरचे एडवर्ड्‌स धरण १९९९ मध्ये पाडले, तेव्हा समुद्रातून चढणारे मासे वरच्या पाण्यात परत आले. म्हणजे वाट मोकळी केली तर अजून वेळ गेलेली नसते.

म्हणून विनंती अशी, की विणीच्या महिन्यांत वाळूउपसा पूर्ण बंद राहावा आणि जिथे बंधाऱ्यांना दारे आहेत तिथे ती पहिल्या पुराला उघडी असावीत. माशांची गणना करणाऱ्यांनी मोठ्या माशांबरोबर काठालगतच्या उथळ पाण्यातली बोटभर पिल्लेही मोजावीत. एखाद्या जातीची पिल्ले सलग दोन-तीन हंगाम सापडली नाहीत, तर मोठे मासे जाळ्यात येत असले तरी ती जात संकटात धरावी आणि त्याच वर्षी कामाला लागावे.

आपला,
एक वाचक