अर्पण तिथेच ठेव

सदर, नागपूर

प्रिय अविनाश,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. मोबाइलच्या जमान्यात चार पानं लिहिणारा तूच एक! साडेतीन पानं शास्त्राची, आणि शेवटी सवाल: एवढा बायबल अभ्यास करूनही सत्य हाती का लागत नाही? मी काही पाळक नाही. पण मला विचारलंस, तर ऐकून घे.

योहानाच्या शुभवर्तमानातलं, आठव्या अध्यायातलं ते वचन आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. सत्य तुम्हाला बंधमुक्त करील. भिंतीवरच्या कॅलेंडरवरही तेवढंच असतं. त्याच्या आधीचं एकतिसावं वचन मात्र कोणी छापत नाही. येशू आधी म्हणतो, माझ्या वचनात राहाल तर. राहणं आधी, कळणं त्यानंतर. तू मात्र म्हणतोस, आधी नीट कळू दे, मग तसं वागेन. असं कोणाला कळलंय बाप्पा? सत्य काय आहे, हे येशूचा न्याय करणाऱ्या पिलात या रोमी सुभेदारानेही विचारलं होतं. विचारलं आणि उत्तराला न थांबता बाहेर निघून गेला.

कवी ना. वा. टिळकांचंच घे. १८९३ साली आपल्या नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, दिला. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे असे गुंतले की ते सोडवेना. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. गोतावळा तुटला, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मला यात एक गोष्ट मोठी वाटते. एवढा पंडित माणूस, पण त्याला धरून ठेवलं ते कुठल्या गहन सिद्धान्ताने नाही. त्या प्रवचनात जवळजवळ प्रत्येक वाक्य काहीतरी करायला सांगतं: होय तर होय म्हणा, वैऱ्यावर प्रीती करा, गुपचूप दान द्या. शेवटी खडकावर घर बांधणारा शहाणा कोण? जो ऐकतो आणि तसं करतो तो. नुसतं ऐकणाऱ्याचं घर वाळूवर.

त्याच प्रवचनात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, तेविसाव्या वचनापासून पाहा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची, हे येशू विचारतच नाही. मला तर हे वचन फार अडचणीचं वाटतं.

आता रागावू नकोस. तुझा दादा दर रविवारी माझ्या पुढच्याच बाकावर असतो. बाबांच्या घराच्या वाटणीवरून तुमचं बोलणं बंद झालं, त्यात कागदावर तुझीच बाजू खरी असेल, मी नाही म्हणत नाही. पण सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या चर्चसंस्था, २९ नोव्हेंबर १९७० ला याच गावात एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. बाप्तिस्मा लहान लेकरांना द्यायचा की समजत्या वयात, यावर काही शेवटपर्यंत एकमत नव्हतं. दोन्ही रीती चालतील असं ठरवून ते एका मेजावर बसले. आणि तुम्ही सख्खे भाऊ तीन खोल्या अन् एका विहिरीपायी अडून बसलात, काहून रे?

प्रीतीने सत्य बोलावं, असं पौल इफिसकरांना लिहितो. मी प्रयत्न केलाय. प्रीती कमी पडली असेल तर सांभाळून घे. त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हे तू जे विचारलंस, त्यावर आपण भेटीत बोलू. मलाही त्यातलं फारसं उमगत नाही, आणि खरं सांगू, त्यावाचून माझं अडलेलं नाही.

नाताळाला ये. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट आत्ताच काढ, नंतर वेटिंग लागतं. माझ्याकडे उतर, हवं तर दादाकडे मी सोबत येतो. वहिनींना कळवून ठेवू का, तेवढं फोनवर सांग.

तुझा,
विजय