टीकांमधील ‘इति श्रुतेः’चे मूळ शोधून छापावे

संपादक महोदय,

संस्कृत महाकाव्यांवरील टीका, म्हणजे श्लोकांचा अर्थ उलगडणारी जुनी विवरणे, पुनःपुन्हा छापल्या जातात, पण त्यांतील वेदवचनांचे मूळ स्थळ बहुतेक आवृत्त्यांत दिलेले नसते. प्रसिद्ध टीकाकार मल्लिनाथ कोशाचा किंवा स्मृतीचा आधार घेताना ‘इत्यमरः’ (असे अमरकोश म्हणतो), ‘इति मनुः’ असे नाव घेतो. श्रुतिवचन, म्हणजे वेदवचन, आले की मात्र पुष्कळदा ‘इति श्रुतेः’ (असे श्रुती म्हणते) एवढ्यावर थांबतो. त्याच्या वाचकांना ते वचन ऐकून ठाऊक असे. आजच्या विद्यार्थ्याला ते कोठले, हे कोणी तरी सांगायला हवे.

कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गात ऋषी, देव आणि पितर यांच्या ऋणांतून अज राजा अध्ययन, यज्ञ व संतती यांच्या योगे मुक्त झाला, असे वर्णन आहे. तेथे टीकेत येणारे ‘एष वा अनृणो यः पुत्री यज्वा’ (ज्याला पुत्र आहे व ज्याने यज्ञ केला, तो ऋणमुक्त) हे वचन कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेच्या सहाव्या कांडातले आहे. वेदवचनांचे स्थळ शोधण्यासाठीची ब्लूमफील्डची १९०६ ची सूची प्रामुख्याने मंत्रांची असल्यामुळे अशा ब्राह्मणगद्यासाठी (यज्ञाचे विवरण करणाऱ्या वैदिक गद्यासाठी) तिचा फारसा उपयोग होत नाही. संहिता मुखोद्गत असलेला तैत्तिरीय शाखेचा वैदिक मात्र ‘जायमानो वै ब्राह्मणः’पासून सारा भाग म्हणून दाखवील, आणि तो ऐकताच लक्षात येते की ऋषी, देव, पितर हा श्रुतीतला क्रमच कालिदासाने श्लोकात जसाच्या तसा ठेवला आहे. मूळ स्थळ न पाहणाऱ्याच्या नजरेतून हे सौंदर्य निसटते.

वेदपठणातील स्वरांची, म्हणजे उच्चारातील चढउतारांची, तीच गत आहे. माघाच्या शिशुपालवध काव्याच्या चौदाव्या सर्गात, युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात, दिसायला सारख्या पण फल भिन्न असलेल्या समासांचा विग्रह ऋत्विज (यज्ञातील पुरोहित) स्वरावरून ठरवतात. येथे आठवणारे ‘इन्द्रशत्रु’ (स्वर बदलला की ‘इंद्राला मारणारा’ऐवजी ‘इंद्र ज्याला मारणारा’ असा अर्थ होतो) हे प्रसिद्ध उदाहरण स्वरचिन्हांवाचून छापले, तर मुद्दाच हरवतो.

शंकर पांडुरंग पंडितांनी मल्लिनाथाच्या टीकेसह रघुवंश संपादित केला आणि अथर्ववेदाचे संपादन करताना हस्तलिखितांच्या जोडीला वेदपाठकांचे पठणही प्रमाण मानले. हीच पद्धत टीकांमधील श्रुतिवचनांना लावावी, अशी पुण्यामुंबईच्या संशोधन संस्थांना व प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे. दशग्रंथी (वेद व वेदांगांचे दहा ग्रंथ मुखोद्गत असलेले) वैदिक अजून आपल्यात आहेत. त्यांना संपादक मंडळात मानधनासह स्थान द्यावे, प्रत्येक वचनाखाली शाखा व स्थळ सस्वर छापावे आणि आरंभ रघुवंशापासून करावा.

आपला,
एक संस्कृतप्रेमी वाचक, पुणे