जीआरईची शब्दसंपदा पाठांतराने येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई देणारे आपल्याकडील अनेक विद्यार्थी, विशेषतः अभियांत्रिकीचे, आजही अवघड इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्या अर्थासह घोकत बसतात. वस्तुतः विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध ओळखण्याचे सुटे प्रश्न २०११ मध्येच या परीक्षेतून वगळण्यात आले. आता उताऱ्यातील एक ते तीन रिकाम्या जागा भराव्या लागतात आणि त्यांतील एक जरी चुकली तरी त्या प्रश्नाचा गुण मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायांमधून असे दोन शब्द निवडायचे असतात, की दोहोंमुळे वाक्याचा अर्थ सारखाच राहील. वाक्य मधेच कुठे उलटते आणि लेखकाचा सूर कोणता, हे उमगले नाही तर पाठ केलेला अर्थ हाताशी असूनही कामी येत नाही.

यादी टाकाऊ आहे असे मुळीच नाही. दिवसांचे अंतर वाढवत केलेली उजळणी निश्चित उपयोगी पडते. परंतु तो शब्द विज्ञान, इतिहास वा कलेवरील गंभीर लेखात पुन्हा भेटला पाहिजे, आणि ही सवय परीक्षेआधीच्या सुट्टीत लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या गुणी मुलांचे यात सर्वाधिक नुकसान होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. महाविद्यालयांनी दुसऱ्या वर्षापासूनच ग्रंथालयात दर्जेदार इंग्रजी नियतकालिके ठेवून आठवड्यातून एक तास सामूहिक वाचन व चर्चेसाठी राखून ठेवावा, अशी विनंती आहे.

— एक इंग्रजी शिक्षिका, नाशिक