किळसेच्या लेखावर तो हाताचा फोटो कशासाठी?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला किळसेवरचा लेख वाचला. सडलेलं मांस, घाण, पू याची किळस येते म्हणून माणूस रोगापासून लांब राहिला, वाचला, हे पटलं. पण त्यावर पांढरे डाग असलेल्या हाताचा एवढा मोठा फोटो छापलात तो का? अहो, ते कोड आहे. कोड संसर्गाने होत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती चालून जाते आणि तेवढी जागा पांढरी पडते. हात लावून, एका ताटात जेवून काही म्हणजे काही होत नाही.

माझ्या ताईला पंचवीस वर्षं कोड आहे. २००३ साली गौरीजेवणाला आम्ही एका नातेवाइकांकडे गेलो होतो, ताई सवयीप्रमाणे पुरणयंत्र पुढे ओढून बसली, अर्धंअधिक पुरण तिनेच काढलं. घरातल्या मोठ्या बाई येऊन "तू ऊठ गं, दमली असशील" एवढंच म्हणाल्या. नंतर ते सगळं पुरण परातीसकट मागच्या दाराने गाईपुढे गेलं. मी पाहिलं, ताईनेही पाहिलं. एसटीत घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही आणि त्यानंतर ती कुणाच्याही स्वयंपाकघरात गेलेली नाही. त्याच घरात पुढच्या पावसाळ्यात दोघांना कावीळ झाली, नळाच्या पाण्यातून. ते पाणी दिसायला नितळ होतं, त्याची कुणाला किळस येणार? लंडनला १८५४ च्या पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीतही हेच झालं, ब्रॉड स्ट्रीटच्या ज्या पंपातून साथ पसरली त्याचं पाणी एका बाईंना इतकं आवडायचं की लांब हॅम्पस्टेडला राहायला गेल्यावरही त्या ते मागवून प्यायच्या, आणि त्या पटकीनेच गेल्या.

लेखात किळसेवर संशोधन करणाऱ्या व्हॅलरी कर्टिस यांच्या २००४ च्या अभ्यासाचा उल्लेख आहे, जवळजवळ ४०,००० लोकांना फोटो दाखवले तो. त्यात एकाच माणसाचे दोन फोटो होते, एक साधा आणि एक ताप आलाय, चेहऱ्यावर डाग आहेत असा बदललेला. लोकांना दुसऱ्याची जास्त किळस आली. म्हणजे माणूस तोच, नुसते डाग दिसले तरी पुरतं! किळसेची ही यंत्रणा धुराच्या अलार्मसारखी आहे, पोळी करपली तरी वाजते, घर जळण्यापेक्षा ते परवडलं. हे लेखात यायला हवं होतं, आणि ते नाही म्हणूनच तो फोटो तिथे आणखी वाईट दिसतो. ज्यांनी पुरण गाईला घातलं त्यांना आता पेपरानेच सांगितल्यासारखं झालं की तुमचं बरोबर होतं.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर हेही सांगते, तुमच्याच पेपरात आतल्या पानावर "पांढरे डाग मुळापासून बरे, गॅरंटी" अशी छोटी जाहिरात दर आठवड्याला येते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत कोड आहे, अशी जाहिरात छापायला बंदी आहे. ताईने असल्याच एका जाहिरातीवरून तेल मागवलं होतं, लावून उन्हात बसा असं सांगितलं होतं, ती बसली आणि दोन्ही हातांवर फोड आले, महिनाभर भांडी घासता येईनात. ती जाहिरात कुणी तपासली होती का?

फोटोबद्दल खुलासा छापा. आतल्या पानावर कोपऱ्यात नको, पुढच्या रविवारी पुरवणीतच, त्याच जागी आणि ठळक. ताई पेपर आला की आधी पुरवणी काढून घेते. या वेळी तिने ती न वाचताच घडी घालून रद्दीत ठेवली.

आपली एक जुनी वाचक,
मिरज