दोरी वाकडी दिसली तेव्हा

दांडिया बाजार, बडोदे
१९ जानेवारी

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "बघतो, जातो" म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. मुग्धा सांगत होती की डोळे तपासायची वेळ तू दोनदा घेतलीस आणि दोनदा रद्द केलीस. थेंब घातल्यावर दिवसभर कॉम्प्युटरवर काम होत नाही, आणि तसंही तुला सगळं स्वच्छ दिसतं, असं तुझं म्हणणं. बाबांनाही दिसत होतं रे.

यंदाची उत्तरायण मी नव्या भिंगांनी पाहिली. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, डाव्याचं डिसेंबरात. अगाशीवर पोचले आणि वर बघतच राहिले. इतकी वर्षं वाटायचं, बडोद्याचं आभाळच धुळीनं पिवळट झालंय. पिवळं पडलं होतं माझ्या डोळ्यातलं भिंग. निळा पतंग आणि जांभळा पतंग वेगळे दिसले, सुरसागर तळ्याच्या बाजूनं येणारी पांढरी दोरीसुद्धा दिसली. मी लहान मुलीसारखी एकेक रंग मोठ्यानं सांगत होते आणि बाबा टाकीला टेकून, फिरकी हातात धरून ऐकत होते. तेव्हाच ठरवलं, तुला सगळं नीट लिहायचं.

१९७४ साली माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते, तिच्या खाटेशी मीच असायचे. तेव्हा डोळा निम्म्या गोलाईत कापून अख्खं भिंग बाहेर काढत आणि टाके घालत. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, कूस बदलायची नाही. चावायला लागू नये म्हणून पेज. पुढे जन्मभर जाड भिंगांचा चष्मा, त्यातून वस्तू पाव हिश्शानं मोठ्या आणि जवळ दिसायच्या. आजी चहा ओतायची तो कपाच्या अलीकडे पडायचा, आणि ती ओशाळून पदरानं पुसायची. ते मी विसरलेले नाही.

माझं काय झालं? भूल म्हणून नुसते थेंब. तीन मिलिमीटरहूनही लहान छेद. त्यातून एक सुई आत जाते, ती सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरते, जुन्या भिंगाचा चुरा करते आणि तो ओढून घेते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी हे १९६७ मध्ये सुरू केलं. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले असताना दात साफ करायचं यंत्र बघून त्यांना ते सुचलं होतं. भिंगाची पिशवी तशीच ठेवतात आणि तिच्यात घडी केलेलं नवं भिंग सोडतात, ते आत गेल्यावर उलगडतं. टाका नाही. पंधरा मिनिटांत मी बाहेर, दुपारी घरी वरणभात.

आणि हे भिंग डोळ्याला खुपत नाही हे कळलं कसं? दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत ॲक्रिलिक प्लास्टिकचे कण गेले होते. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं की त्या कणांमुळे डोळा लाल होत नाही, सुजत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये त्याच जातीच्या ॲक्रिलिकचं पहिलं भिंग बसवलं. आपल्याकडे मात्र ते भिंग परदेशातून यायचं, गरिबाला कुठून परवडणार! १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या लोकांनी स्वतःचा कारखाना काढला आणि भिंग स्वस्त केलं. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. आजीसारख्या कितीतरी बायकांचा चहा त्यांच्यामुळे कपात पडू लागला.

मला महागातलं, जवळ-लांब दोन्हीचं भिंग सुचवलं होतं. मी साधंच घेतलं, वाचायला चष्मा लागतो आणि त्याचं काही वाटत नाही.

पण सुहास, मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबू शकतं. माझं तीन वर्षं थांबलं, तरी सगळं परत मिळालं. भिंग बदलता येतं. डोळ्याच्या मागचा, चित्र उमटतं तो पडदा बदलता येत नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फळ्यावर डोळ्याची आकृती काढून मागच्या बाजूला पीतबिंदू, म्हणजे पडद्यावरची सगळ्यात स्वच्छ दिसण्याची जागा, दाखवला, आणि घरातल्या माणसाचं मला कळलं नाही.

२०१६ ची उत्तरायण. बाबा म्हणाले, "यंदा मांजा नीट ताणलेला नाही, दोरी मधे वाकडी दिसते." आम्ही हसलो. मग दाराची चौकट वाकडी दिसू लागली, तेव्हा चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलून आणला. त्या दुकानदारानं साखर आहे का विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. साखरेनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या होत्या, पीतबिंदूला सूज आली होती, म्हणून सरळ रेघ वाकत होती. दुखत काहीच नव्हतं. पुढे पडद्यावर नव्या कच्च्या वाहिन्या उगवल्या आणि २०१८ मध्ये एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे काळी जाळी पसरली. आत रक्त उतरलं होतं.

त्यानंतर जे जे होतं ते सगळं केलं. डोळ्याच्या आत भरलेली, रक्त साचलेली जेली काढायचं ऑपरेशन झालं. १९७० मध्ये रॉबर्ट माखमर यांनी मायामीत ते सुरू केलं. आता त्याची हत्यारं अर्ध्या मिलिमीटरची असतात. पडदा चिकटून राहावा म्हणून आत गॅसचा फुगा भरला, बाबा आठ दिवस पालथे झोपले. तुझ्या वास्तुशांतीचं विमानाचं तिकीट तू पाठवलं होतंस आणि ते आले नाहीत, ते यामुळे. उंचावर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्यात दाब वाढतो. तुला तेव्हा "जरा कणकण आहे" सांगितलं. सणाच्या दिवशी तुझा जीव टांगणीला लागू नये, असं त्यांना वाटलं. डाव्या डोळ्याला आता फक्त हाताची हालचाल कळते.

उजवा वाचला. कडेच्या पडद्यावर लेझरचे डाग दिले, आणि इंजेक्शनं. आधी दर महिन्याला, मग अंतर वाढवत. डोळ्यात सुई म्हटल्यावर मीच बाहेर रडले, पण थेंबांनी डोळा बधिर करतात आणि काही सेकंदांचं काम असतं. ते औषध, बेव्हॅसिझुमॅब, मूळचं आतड्याच्या कॅन्सरचं. २००५ मध्ये मायामीच्याच डॉक्टरांनी ते डोळ्यात देऊन पाहिलं. एका बाटलीचे अनेक बारीक डोस होतात म्हणून आम्हाला ते झेपलं. त्यानं सूज उतरते, मेलेला भाग मात्र जिवंत होत नाही. जनुकांच्या उपचाराची बातमी कापून बाबा डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला परवानगी मिळाली, पण तो जन्मजात एका विशिष्ट जनुकाच्या दोषावर आहे. परत येताना रिक्षात ते काही बोलले नाहीत, कात्रण मात्र पाकिटात अजून आहे.

तुझी साखर चार वर्षांपूर्वी सापडली. पडदा त्याच महिन्यात बघायला हवा होता आणि मग दरवर्षी. तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडद्याचा फोटो काढतात. लागलं तर ओसीटी, डोळ्याला स्पर्शही न करता पडद्याचे थर दाखवणारं यंत्र. आता असे फोटो वाचायला कॉम्प्युटरलाही शिकवलं आहे, आणि गूगलच्या लोकांनी ते शिकवताना अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे फोटोही वापरले होते. आपल्या लोकांच्या डोळ्यांवरून यंत्र शिकलं, आणि तू तुझे डोळे दाखवायला अर्धा दिवस काढत नाहीस.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते आहे. मुग्धानं सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. स्कूटर घरी ठेव, थेंबांनंतर काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन सोसत नाही. काळा चष्मा घे, आपण रिक्षानं परत येऊ. साखरेचे आणि ब्लडप्रेशरचे कागद फाइलला लावून ठेव, ते मागतात. तिळाचे लाडू मुग्धासाठी आणते, तुझ्यासाठी भाजलेले शेंगदाणे.

तुझी
आई

ता. क. बाबा शेजारी बसून सांगताहेत, तेही लिहिते. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो, त्यांचं तसंच झालं. आज संध्याकाळी एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघ आणि रात्री त्यांना फोन कर. चौकट सरळ दिसली तरी सोमवारी यायचंच आहे.