मागच्या भिंतीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर या विषयाला आपला आवाज चढतो, म्हणून लिहितेय. मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. त्यात सोय कंत्राटदाराची आहे.

कसब्यातलं आपलं घर शनिवारवाड्याच्याच घराण्यातलं, फक्त गरीब शाखेतलं. तिथला तट बघा, खाली दगड आणि वर वीट. आपलंही जोतं दगडी, वर विटा. घराचा भार मात्र सागवानी खांबांवर. खांब दगडी तळखड्यावर उभे, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या-फळ्यांचा कडीपाट, आणि खांबांमधली जागा विटांनी भरलेली. मागच्या बाजूला तर खांब भिंतीत पुरते गडप झालेत. न्हाणीशेजारी पोपडा पडलाय, तिथे गेल्या वेळी मी जरा उकरून पाहिलं. वीट जेमतेम दोन बोटं जाड आणि मधला चुन्याचा थर जवळपास तेवढाच. विटेच्या कडा झिजल्यात, चुना अजून नखाला दाद देत नाही.

जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढणारच. चुना ती बाहेर पडू देतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, विटांना खार फुटतो आणि भिंतीतल्या खांबांची बुडं कुजायला लागतात. पहिलं वर्ष चकाचक दिसेल, हे मान्य. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या मातीच्या भिंती कशा बसल्या ते तुम्हीच सांगता. आपली वीट भाजलेली, ती तशी विरघळायची नाही. मला काळजी लाकडाची आहे.

चुन्याचं काम महाग आणि वेळखाऊ. चुना भिजवून मुरवावा लागतो. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा गर असलं काय काय घालत. म्हणून ते दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करू. पैशांचं मी बघते. तोवर न्हाणीची मोरी आणि मागची पन्हळ दुरुस्त करून घ्या; निम्मी ओल तिथूनच येत असणार.

आई, टीव्हीसाठी कोनाडा बुजवायचं तुझ्या डोक्यात आहे ना? टीव्ही समोरच्या भिंतीवर लाव. हातभर जाडीची भिंत आहे म्हणून तो कोनाडा आहे. नव्या फ्लॅटात मागून मिळायचा नाही.

आणि बाबा, त्या कंत्राटदाराला अॅडव्हान्स देऊन बसला असाल तर परत मागत बसू नका. तेवढ्या पैशांत माडीवरची कौलं शाकारून घ्या.

तुमची,
मनू